मुंग्या किती दिवस राहतात?

"पायाला मुंग्या आल्या" ही आपल्याकडे तक्रार धरलीच जात नाही. पंगतीत मांडी घालून बसलं, आग्रह झाला, पंगत लांबली की उठताना कुणाच्या ना कुणाच्या पायाला मुंग्या येतातच. मग भिंतीला धरून लंगडायचं, पाय झटकायचा आणि बाकीच्यांनी हसायचं. "मुंग्या" म्हटलं की त्या पाच मिनिटांत जाणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. त्या पाच दिवस राहिल्या, पाच आठवडे राहिल्या, तर काय म्हणायचं? त्यासाठी आपल्या भाषेत वेगळा शब्दच नाही. आपण तेच जुने शब्द फिरवून वापरतो. बधिर झालंय, झिणझिण्या येतात, जड वाटतं, करंट लागल्यासारखं होतं, पाय लाकडाचा झालाय, अंगावर दुसऱ्याची कातडी चढवल्यासारखी वाटते. आणि ऐकणारा म्हणतो, "अगं, होतं असं कधीकधी. बी-ट्वेल्व्ह घे."

घरच्या मंडळींना ठाऊकच आहे, इतरांसाठी थोडक्यात सांगते. माझ्या मावसबहिणीला (आम्ही सगळे तिला ताई म्हणतो) मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, आहे. ती डोंबिवलीला राहते, शाळेत शिकवते. आपल्याच शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिन नावाचं आवरण खरवडते, असा हा आजार. तिशी-चाळिशीच्या आत सुरू होतो, पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दुपटी-तिपटीने जास्त दिसतो. निदान झाल्यावर लोक बरेच प्रश्न विचारतात, पण ताईचा प्रश्न पहिल्यापासून एकच होता. "हे बधिरपण किती दिवस राहणार?"

साधा प्रश्न आहे. पण त्याचं उत्तर शोधायला बसले तेव्हा लक्षात आलं की या "किती दिवस"ला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. आणि हा आजार खरा आहे हे जगाला पटलं, त्यात या प्रश्नाचा मोठा वाटा आहे. तोच इतिहास आज लिहिते आहे. लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

सुरुवात आपल्याच भागापासून करू. ठाणे-कल्याण पट्ट्यात गेली शंभर-सव्वाशे वर्षं बधिरपणाला दोनच पत्ते होते. पहिला पत्ता कुष्ठरोगाचा. सरकारी भिंतींवर रंगवलेलं लहानपणी आपण सगळ्यांनीच वाचलंय, अंगावर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा दिसला तर दवाखान्यात दाखवा. मुंबईत वडाळ्याचं अॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० सालचं. आणि कल्याणच्या पत्रीपुलाजवळ हनुमान नगर ही कुष्ठरुग्णांची वसाहत आहे. तिथल्या लोकांसाठी आयुष्य वेचलेले, नौदलातून निवृत्त झालेले डोंबिवलीचे गजानन माने यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुष्कळ डोंबिवलीकरांना ही वसाहत नव्याने कळली. कुष्ठरोगातला बधिरपणा हा कातडीजवळच्या नसांचा. तो एका चट्ट्यापुरता किंवा एका नसेपुरता असतो. उपचार केले नाहीत तर आपणहून जात नाही. बोटाला चटका बसला तरी कळत नाही, त्यातून जखमा होतात. म्हणजे तो बधिरपणा डोळ्यांना दिसतो, कातडीवर आपली खूण ठेवतो.

दुसरा पत्ता ठाण्याचा. "याला ठाण्याला पाठवा" याचा अर्थ आपल्याला कुणी समजावून द्यावा लागत नाही. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं आहे. एखाद्या बाईने सांगितलं, कमरेपासून खाली काही कळत नाही, आणि महिन्याने तीच बाई पाणी भरताना दिसली, तर लोक काय म्हणणार? ढोंग करते. मनाचे खेळ आहेत. काही घरांत, अंगात आलं होतं. फक्त आपल्याकडचे अडाणी लोक असं म्हणत होते असं मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या भल्याभल्या डॉक्टरांनी असल्या बायकांना "हिस्टेरिया" हे लेबल लावलेलं आहे.

एमएसचा बधिरपणा या दोन्ही पत्त्यांवर बसत नाही. कातडीवर डाग नाही, जखम नाही, हातातल्या नसा ठणठणीत. बिघाड वर, मज्जारज्जूत किंवा मेंदूत. आणि तो येतो तसा जातोही. हे "जाणं"च त्याच्या मुळावर आलं. जे आपणहून जातं त्यावर कोण विश्वास ठेवणार?

यावर पहिला माणूस ज्याने तारीखवार पुरावा ठेवला तो डॉक्टर नव्हता, रुग्ण होता. ऑगस्टस डेस्टे, जन्म १७९४, इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू. १८२२ च्या डिसेंबरात तो स्कॉटलंडला एका जिवलग नातेवाइकाला भेटायला गेला, तर पोचेपर्यंत तो गेलेलाच. अंत्यविधी झाला आणि लगेचच ऑगस्टसची नजर अधू झाली. आलेली पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. पुढे काहीही न करता डोळे सुधारले. १८२७ मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला असताना एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, पायांतली ताकद गेली, पाठीच्या कण्याच्या टोकाशी बधिरपणा आला. अगदी वाईट अवस्थेत साधारण २१ दिवस गेले, मग हळूहळू तो पुन्हा उभा राहिला. हे सगळं त्याने लिहून ठेवलंय. कधी सुरू झालं, किती दिवस टिकलं, काय परत आलं, काय आलं नाही. पुढच्या वर्षांत एकेक गोष्ट कायमची राहू लागली. १८४८ मध्ये तो वारला. त्याच्या हयातीत या आजाराला नाव नव्हतं. त्याची डायरी विसाव्या शतकात सापडली आणि डग्लस फर्थ यांनी १९४८ मध्ये त्यावर पुस्तक काढलं, तेव्हा वाचणाऱ्या डॉक्टरांना ओळखायला काहीच वेळ लागला नाही. हा तर एमएस!

या डायरीतली मला सगळ्यात ओळखीची वाटलेली गोष्ट म्हणजे त्याचे उपचार. एकाने रक्त काढायला लावलं, दुसऱ्याने भरपूर मांस खा आणि वाइन पी म्हणून सांगितलं, कुठे अंग चोळणं, कुठे औषधी झऱ्याचं पाणी. आजार मधूनमधून आपणहून उतरत होता, त्यामुळे शेवटी जो उपचार चालू असेल त्याला श्रेय. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ.

ताईचंही अगदी हेच झालं. पहिल्यांदा सकाळी उठली तेव्हा दोन्ही तळपाय मोजे घातल्यासारखे वाटत होते. तिने खरोखर वाकून बघितलं, मोजे नव्हते. चार दिवसांत ते कमरेपर्यंत चढलं. पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं व्हायला लागलं. परकराची नाडी घट्ट बसली असेल म्हणून ती दिवसातून चारदा सैल करायची. शाळेत जाताना चप्पल पायातून निसटली आणि वीस पावलं तशीच चालली, मुलांनी हाक मारून सांगितलं तेव्हा कळलं. एका डॉक्टरांनी मणका म्हटलं, दुसऱ्यांनी टेन्शन. बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली. सहा आठवड्यांनी सगळं उतरलं आणि घरात सगळे म्हणाले, बघ, इंजेक्शनांनी गुण आला! तीन वर्षांनी एका डोळ्याला धुरकट दिसायला लागलं तेव्हा कुठे एमआरआय झाला आणि त्या जुन्या सहा आठवड्यांचा अर्थ लागला. (बी-ट्वेल्व्ह कमी असल्यानेही मुंग्या येतात, मधुमेहानेही येतात. ते आधी तपासणं योग्यच. पण तिथेच थांबणं योग्य नाही, एवढंच.)

आता परत इतिहासाकडे. १८६८ मध्ये पॅरिसच्या सालपेट्रिएर रुग्णालयात शार्को यांनी हा आजार वेगळा काढून दाखवला, मृतांच्या मेंदूतले कडक झालेले डाग आणि जिवंतपणीची लक्षणं यांची सांगड घातली. त्यांनी जी तीन लक्षणं मुख्य मानली ती होती डोळ्यांची थरथर, काही उचलायला गेलं की हाताला कंप, आणि तुटक बोलणं. तिन्ही डॉक्टरला समोर बसून दिसणारी! बधिरपणा त्या यादीत नव्हता. तो दिसत नाही. तो रुग्णाने सांगायचा असतो आणि डॉक्टरने ऐकून घ्यायचा असतो.

पण ऐकणारे होते. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उहथॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवलं की काही रुग्णांची नजर व्यायाम केल्यावर मंदावते आणि विश्रांती घेतली की परत येते. पुढे कळलं की खरं कारण श्रम नव्हेत, अंगातली उष्णता. मग पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, पिएर मारी आणि शातलें या फ्रेंच डॉक्टरांना डोक्या-मानेला मार लागलेले सैनिक भेटले. मान खाली घातली की त्यांच्या पाठीतून विजेचा झटका खाली जायचा. १९२४ मध्ये ल्हेर्मिट यांनी हेच एमएसमध्ये दाखवून दिलं आणि लक्षणाला त्यांचं नाव चिकटलं. मान वाकवली की करंट, सरळ केली की बंद. ताईला हा झटका वह्या तपासताना यायचा. ती म्हणायची, "पोरांचं शुद्धलेखन बघून शॉक बसतो, त्यात काय विशेष!"

म्हणजे १९२४ पर्यंत निदान तीन वेगवेगळी घड्याळं हाती आली होती. काही सेकंदांचं. उन्हा-तापाबरोबर चढणारं आणि उतरणारं, काही तासांचं. आणि ऑगस्टसच्या डायरीतलं, आठवड्यांचं. पण यातलं कुठलं म्हणजे आजाराचा नवा हल्ला आणि कुठलं नव्हे? १९६५ मध्ये अमेरिकेत शुमाकर यांच्या समितीने याची रेघ आखली. लक्षण निदान २४ तास टिकलं पाहिजे, दोन हल्ल्यांत निदान एक महिन्याचं अंतर पाहिजे, आणि मेंदू-मज्जारज्जूतली वेगवेगळी ठिकाणं सापडली पाहिजेत. नंतर निकष पुष्कळ बदलले. २००१ मध्ये मॅकडोनाल्ड निकष आले, त्यांच्याही आवृत्त्या निघाल्या. पण २४ तासांची ती रेघ अजून तशीच आहे.

आता जरा विचार करा. १९८१ मध्ये लंडनमध्ये एमआरआयवर एमएसचे डाग पहिल्यांदा नीट दिसले. त्याआधी डॉक्टरकडे काय होतं? रुग्णाची आठवण. "गणपतीच्या सुमारास पाय बधिर झाला होता, दिवाळीपर्यंत गेला" हे वाक्य म्हणजेच रिपोर्ट. किती दिवस राहिलं, हीच तपासणी.

आणि इथे आपल्या मुंबईचा प्रवेश होतो. तोवर पाठ्यपुस्तकांत एमएस म्हणजे थंड देशांतल्या गोऱ्या लोकांचा आजार. उष्ण कटिबंधात तो नसतोच, असं जवळजवळ धरूनच चालत. १९७५ मध्ये मुंबईचे डॉ. भीमसेन सिंघल आणि डॉ. नोशीर वाडिया यांनी मुंबई परिसरातल्या एमएसवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. "काटेकोर क्लिनिकल तपासणीच्या आधारे" असं त्याच्या शीर्षकातच म्हटलेलं आहे. एमआरआय नाही, काही नाही. रुग्णाला समोर बसवायचं, हातोडी, ट्यूनिंग फोर्क, टाचणी आणि कापसाचा बोळा घ्यायचा, आणि पुन्हा पुन्हा विचारायचं, कधी आलं, किती दिवस राहिलं, कधी गेलं. हा आजार इथेही आहे, हे असं सिद्ध झालं. १९८८ मध्ये भरुचा, वाडिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी समाजाची पाहणी प्रसिद्ध केली. पारशांमध्ये तर तो बाकी भारतीयांपेक्षा बराच जास्त निघाला. पुढे २०१४ मध्ये मंगळूर शहरातल्या पाहणीत लाखामागे आठच्या आसपास रुग्ण आढळले. युरोपच्या मानाने कमी, पण "आपल्याकडे नसतो" म्हणण्याइतके कमी नव्हेत.

(एक महत्त्वाची भर. आपल्याकडे डोळ्याची नस आणि मज्जारज्जू यांनाच झटका बसलेले रुग्ण बरेच दिसत. २००४ मध्ये एक प्रतिपिंड सापडलं आणि त्यातले काही रुग्ण न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या वेगळ्याच आजाराचे आहेत हे कळलं. तिथे झटके जास्त जोराचे असतात आणि एमएसची काही औषधं उलट अपाय करतात. म्हणून ती रक्ततपासणी आता विचारून घ्यावी.)

मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया सुरू झाली १९८५ मध्ये. सुरू करणाऱ्या रेहमत फझलभॉय या स्वतः एमएसच्या रुग्ण. पुन्हा तेच, डॉक्टरांच्या बरोबरीने रुग्णाने धरलेली बाजू.

मुंबईशी धागा असलेली आणखी एक गोष्ट सांगून पुढे जाते. जॅकलिन द्यु प्रे ही इंग्लंडची विलक्षण चेलोवादक. १९७१ च्या सुमारास तिच्या बोटांची संवेदना कमी व्हायला लागली. ताण असेल, दमणूक असेल, असंच वाटत राहिलं. १९७३ च्या फेब्रुवारीत तिचं लंडनमधलं शेवटचं जाहीर वादन झालं, एल्गारची चेलो रचना, आणि वाद्यवृंदाचं संचालन करत होते आपल्या मुंबईचे झुबिन मेहता. त्याच सुमाराला न्यूयॉर्कमध्ये तिला चेलोची पेटीसुद्धा उघडणं जड जात होतं. बोटं तारांवर कुठे आहेत हे कळत नव्हतं, म्हणून डोळ्यांनी बघून वाजवावं लागत होतं. ऑक्टोबर १९७३ मध्ये निदान झालं. तेव्हा ती २८ वर्षांची होती. १९८७ मध्ये ती गेली. बधिरपणा हे "सौम्य" लक्षण, असं पुस्तकात लिहितात. ते कुणाच्या बोटांना झालंय यावर ते सौम्य की नाही ते ठरतं.

आता मूळ प्रश्न. बधिरपणा जातो म्हणजे नक्की काय होतं, आणि कधी जात का नाही? हे मला कळलं ते आपल्या मध्य रेल्वेमुळे.

आपली फास्ट लोकल बघा. कल्याण, डोंबिवली, की एकदम ठाणे. मधली स्टेशनं नाहीत. निरोगी तंतूतला संदेश असाच धावतो. मायलिनच्या आवरणात ठरावीक अंतरावर फटी असतात, १८७० च्या दशकात रँव्हिए यांनी त्या दाखवल्या. संदेश एका फटीवरून दुसऱ्या फटीवर उड्या मारत जातो. आवरण खरवडलं गेलं, सूज आली, की तिथे मेगाब्लॉक. पायाचा निरोप मेंदूपर्यंत पोचतच नाही, म्हणून बधिर. किंवा अर्धवट, भलत्या वेळी पोचतो, म्हणून मुंग्या, करंट, पट्टा.

मग काही दिवसांत सूज उतरते आणि काही गाड्या सुटतात. त्याच्या पुढची पायरी म्हणजे स्लो लोकल. १९७६ मध्ये बॉस्टॉक आणि सिअर्स यांनी दाखवलं की आवरण गेलेल्या भागातूनही संदेश जाऊ शकतो, फक्त उड्या न मारता, इंचाइंचाने. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा करत करत. तंतू त्यासाठी उघड्या भागावर नवी सोडियमची दारं बसवतो. याला आठवडे लागतात. तिसरी पायरी, नवं मायलिन चढतं. पहिल्यापेक्षा पातळ, पण चालून जातं. याला महिने लागतात. आणि रूळच उखडला असेल तर? १९९८ मध्ये ट्रॅप आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एमएसच्या डागांत फक्त आवरण जात नाही, आतला तंतूही तुटतो, आणि तेही आजाराच्या सुरुवातीपासूनच. तुटलेला तंतू जुळत नाही. तेवढा बधिरपणा मग राहतो. मेंदू शेजारच्या मार्गांनी काम भागवायला शिकतो आणि माणूसही त्याची सवय करून घेतो.

उन्हाचं गणितही यात बसतं. स्लो मार्गावरून जेमतेम चाललेली गाडी. अंगाचं तापमान अर्ध्या अंशाने जरी वाढलं तरी तिथे अडते. मे महिन्यात सकाळची ८ ची गर्दी, लेडीज डबा, डोंबिवलीहून ठाण्यापर्यंत उभं राहणं. ताई उतरायची तेव्हा पाय गेलेले असायचे. शाळेत पंख्याखाली बसून गार पाणी प्यायली की तासाभरात परत. हा नवा हल्ला नव्हे. जुनीच जखम गरम झाली की बोलते. साधा ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, गॅससमोरचा पुरणाचा घाट, यानेही हेच होतं.

तर ताईच्या प्रश्नाचं उत्तर, दोनशे वर्षांचं मिळून, असं. मान वाकवल्यावरचा झटका काही सेकंद, पण झटके येत राहण्याचा काळ आठवडे ते महिने. उन्हातापाचा बधिरपणा अंग गार होईपर्यंत, सहसा एका दिवसाच्या आत. खरा हल्ला असेल तर काही दिवस चढतो, काही दिवस ते आठवडे तसाच थांबतो, मग आठवड्यांत-महिन्यांत उतरतो. बहुतेक सुधारणा पहिल्या दोन-तीन महिन्यांत. हळूहळू ती वर्षभरही चालू राहते. वर्षानंतर जे उरलं ते बहुधा मुक्कामालाच आलं. आणि बधिरपणाने सुरू झालेला एमएस हा ताकद जाऊन सुरू झालेल्यापेक्षा ढोबळमानाने बरा चालतो, हाही दिलासा अभ्यासांतून मिळालेला आहे.

स्टिरॉइडचं सलाईन दिलं तर? १९९२ मध्ये डोळ्याच्या नसेवरच्या मोठ्या चाचणीत दिसलं की त्याने सुधारणा लवकर होते, पण सहा महिन्यांनी बघितलं तर घेतलेले आणि न घेतलेले जवळपास सारखेच. म्हणून नुसत्या सौम्य बधिरपणाला डॉक्टर कधीकधी सलाईन देत नाहीत. ते टाळत नसतात, थांबत असतात. मात्र पायातली ताकद गेली, लघवी अडली, नजर गेली तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. पुढचे हल्ले कमी करणारी औषधं वेगळी. त्यातलं पहिलं, इंटरफेरॉन, अमेरिकेत १९९३ मध्ये आलं आणि आता पुष्कळ प्रकार आहेत. ती आहे तो बधिरपणा घालवत नाहीत, पुढचे रोखतात. हा फरक न कळल्यामुळे "औषध चालू आहे तरी मुंग्या आहेतच" म्हणून औषध सोडणारे लोक मी पाहिलेत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आलं. चांगलं झालं. पण बधिरपणा अजूनही कुणाला दिसत नाही. धडधाकट दिसणारी बाई दिव्यांगांच्या डब्यात चढली की चार माणसं रोखून बघतात, एखादा विचारतोही. शार्कोच्या यादीत नव्हतं ते या डब्यातल्या लोकांच्याही यादीत नाही.

ताईने आता एक वही केली आहे. शाळेचीच, दोनशे पानी. तारीख, कुठे, कसं वाटतंय, ताप होता का, ऊन होतं का, कधी गेलं. दर वेळी डॉक्टरांकडे जाताना घेऊन जाते. तिला मी त्या राजाच्या नातवाची गोष्ट सांगितली तेव्हा म्हणाली, "त्याला निदान लिहायला वेळ होता, मला पेपर तपासायचे असतात." पण लिहिते. मागच्या पावसाळ्यात उजव्या हाताला आलेला बधिरपणा चार आठवडे चढता, पाच आठवडे उतरता, आणि करंगळीत थोडासा उरला, हे तिच्या वहीत आहे. घरात कुणीही आता "मनाचं आहे" म्हणत नाही, त्याला एमआरआयइतकीच ती वहीही कारण आहे असं मला वाटतं.

असो. बरंच लिहिलं. तुमच्या घरात कुणी म्हणालं की पाय बधिर आहे आणि दोन दिवस झाले तरी जात नाही, तर हसू नका आणि घाबरवूही नका. तारीख लिहून ठेवा आणि चांगल्या न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. बहुतेक वेळा काहीतरी साधंच निघेल. नाही निघालं, तर ती तारीख कामाला येईल.